प्राण्यांचा फिजिओ नेमताना काय बघायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कुत्र्यांच्या सांधेदुखीवर लिहिताना मी एक ओळ टाकली होती, की फिजिओ किंवा मसाज करणाऱ्याची आधी नीट चौकशी करा. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की बाकीचा लेख कुणी वाचला का असं वाटावं. बहुतेकांचं म्हणणं एकच, की चौकशी करायची म्हणजे विचारायचं तरी काय? काही मेसेज हे काम करणाऱ्यांचेही होते, आणि ते वाचून मला जास्त बरं वाटलं. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न (ठाण्याहून): डॉक्टर, आमचा डॅशहुंड साडेपाच वर्षांचा आहे. दहा दिवसांपूर्वी सोफ्यावरून उडी मारली आणि तेव्हापासून मागचे पाय लटपटतायत, उचलायला गेलं की ओरडतो. सोसायटीच्या ग्रुपवर एका डॉग मसाज थेरपिस्टचा नंबर मिळाला, ते घरी येतात, दोन सेशन झाली. ते म्हणतात व्हेटकडे नेऊच नका, ते लगेच एमआरआय आणि ऑपरेशन सांगतात, मी दहा सेशनमध्ये उभा करतो. त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे. चालू ठेवू का?

उत्तर: ताई, तुम्हाला मी त्याच दिवशी मेसेज करून मसाज थांबवा आणि आजच्या आज व्हेटकडे न्या असं कळवलं होतं, अंक येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्नच नव्हता. पण असा प्रश्न पडलेले बाकीचे लोक आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

डॅशहुंडची पाठ लांब आणि पाय आखूड, आणि त्या जातीत मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक व्हायला लागतात. मग एखादी साधी उडी निमित्त होते आणि गादी फुटून आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. पाठ दुखणं, मग पाय लटपटणं, पंजा उलटा टेकवणं, मग पाय पूर्ण जाणं, लघवी अडकणं, आणि सगळ्यात शेवटी पंज्याला जोरात चिमटा काढला तरी न कळणं, साधारण या पायऱ्यांनी ते खाली जातं. हे आठवड्यांत होऊ शकतं आणि काही तासांतही होऊ शकतं. चिमटा कळत असेपर्यंत ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्रे परत चालतात, ती संवेदना गेली की शक्यता साधारण निम्म्यावर येते. आणि ज्यांना ऑपरेशन लागत नाही त्यांना पहिले काही आठवडे सक्तीची विश्रांती लागते, पिंजऱ्यात किंवा छोट्या कुंपणात, शी-शूपुरतं बाहेर. या काळात पाठ चोळणं, पाय ओढणं, वाकवणं म्हणजे फुटलेल्या गादीवर आणखी दाब. म्हणजे त्या माणसाचा हात कितीही हलका असला, मनात काहीही वाईट नसलं तरी तो आत्ता या कुत्र्याला हात लावायला पात्र नाहीये, कारण आत काय झालंय हे त्याला माहीतच नाही. तपासलेलंच नाहीये कुणी.

आता सर्टिफिकेटबद्दल. आपल्या देशात १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्याच्या कलम ३० प्रमाणे प्राण्यांवर वैद्यकीय उपचार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाने करायचे. राज्य सरकार परवानगी देईल तिथे पशुधन पर्यवेक्षकासारखी डिप्लोमा झालेली माणसं लसीकरण, जखमेचं ड्रेसिंग असे प्राथमिक उपचार करू शकतात, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. प्राण्यांचा फिजिओ किंवा मसाज थेरपिस्ट असं वेगळं रजिस्टर आपल्याकडे नाहीये. त्यामुळे भिंतीवरचं सर्टिफिकेट कुठल्या कोर्सचं आहे, किती दिवसांचं, त्यात जिवंत कुत्र्यावर किती तास काम केलं, ते कुणी तपासलं, हे सगळं तुम्हालाच विचारावं लागतं. विचारा, बिनधास्त विचारा, चांगला माणूस चिडत नाही. माझ्याकडे रिहॅबचं, म्हणजे आजार-ऑपरेशननंतर पाय परत वापरायला शिकवण्याचं काम करणाऱ्या मुलीला पेशंटचे लोक विचारतात तेव्हा ती स्वतःहून फाइल काढून दाखवते.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी खूण सर्टिफिकेट नाहीच. तो माणूस पहिल्या फोनवर काय विचारतो ते ऐका. "व्हेटने तपासलंय का? निदान काय लिहिलंय? एक्स-रे आहे का? कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हे विचारल्याशिवाय जो तारीख देतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि जो "व्हेटकडे नेऊ नका" म्हणतो त्याला घरातही घेऊ नका. इतकं कडक मी सहसा बोलत नाही, पण या एका वाक्यामुळे पाय गेलेले कुत्रे मी बघितलेत.

(कालच ताईंचा फोन आला. गादीचाच त्रास निघाला, पण चिमटा कळतोय, औषधं आणि विश्रांतीवर ठेवलाय, आणि सहा आठवड्यांनी त्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फिजिओ सुरू होणार आहे.)

प्रश्न (कोल्हापूरहून): मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे, बीपीटी झालेय, सहा वर्षं प्रॅक्टिस. लहानपणापासून घरात कुत्री. आता लोक विचारतात की आमच्या कुत्र्यालाही कर ना. मला मनापासून करायचंय. करू शकते का? आणि चूक होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर: तुमच्यासारख्या माणसांची आपल्याला खरंच गरज आहे. आम्हा व्हेट मंडळींना पाच साडेपाच वर्षांत ऑपरेशन शिकवतात, ऑपरेशननंतर पाय परत वापरायला कसा शिकवायचा याला त्या मानाने फार थोडा वेळ मिळतो, आणि तुम्ही नेमकं तेच शिकून आलाय. पण तुमची डिग्री माणसांसाठीची आहे, वरच्या उत्तरात सांगितलेला कायदा तुम्हालाही लागू आहे, म्हणून स्वतंत्र दुकान टाकू नका. एखाद्या पशुवैद्यकाच्या दवाखान्यात, त्याने तपासून लेखी पाठवलेल्या केसेसवर, त्याच्या देखरेखीखाली काम करा. निदान त्याचं, औषध त्याचं, व्यायामाचा प्लॅन दोघांनी बसून ठरवलेला.

इंग्लंडमध्ये ही घडी बरीच आधी बसलीय. तिथे १९६६ चा व्हेटरनरी सर्जन्स कायदा आहे आणि त्यातून दिलेल्या सवलतीमुळे, ती सध्या २०१५ च्या आदेशात आहे, आजारी किंवा जखमी प्राण्यावर फिजिओथेरपी व्हेट नसलेला माणूस करू शकतो, पण व्हेटने आधी तपासून ती उपचारपद्धत सांगितलेली असली पाहिजे. गंमत म्हणजे तिथेही "ॲनिमल फिजिओ" ही पदवी कायद्याने राखीव नाहीये, कुणीही लावू शकतं. म्हणून चार्टर्ड फिजिओथेरपिस्ट लोकांनी स्वतःची ॲकपॅट नावाची संघटना केली आणि पुढे वेगवेगळ्या शाखांनी मिळून रॅम्प नावाचं रजिस्टर केलं. नाव घालायचं तर शिक्षण ठरावीक पातळीचं हवं, विमा हवा, दरवर्षी नवीन शिकत राहिल्याचं दाखवावं लागतं आणि कुणाची तक्रार आली तर चौकशीला सामोरं जावं लागतं. सरकारने सांगायची वाट न बघता काम करणाऱ्यांनीच स्वतःवर नियम घालून घेतले, हे मला फार आवडतं आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत हे काम करणारे आता इतके झालेत की हे इथेही जमण्यासारखं आहे.

शिकायचं म्हणाल तर अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा कुत्र्यांच्या रिहॅबचा सर्टिफिकेट कोर्स जुना आणि नावाजलेला आहे, तो व्हेटही करू शकतात आणि फिजिओथेरपिस्टही. महाग आहे, लगेच जमेल असं नाही. त्याआधी एखाद्या व्हेटकडे नुसतं उभं राहून सहा महिने बघा. कारण माणसाचं ज्ञान जसंच्या तसं लावलं की फसायला होतं. कुत्र्याचा पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो, स्नायूंच्या झोळीत असतो, आपल्यासारखं कामाचं कॉलरबोन त्याला नाही. उभं असताना वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा पाय दुखणाऱ्या कुत्र्याचे खांदे आखडलेले सापडतात आणि नवशिका माणूस खांद्यालाच आजार समजून चोळत बसतो. अंग गरम लागतं म्हणून ताप समजू नका, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे त्याचं नॉर्मल आहे.

आणि सगळ्यात मोठा फरक. तुमचा माणूस पेशंट म्हणतो, "मॅडम बास, दुखतंय." इथे ते वाक्य तुम्हाला डोळ्यांनी वाचावं लागतं. ओठांवरून जीभ फिरवणं, भूक किंवा झोप नसताना जांभई, मान वळवून दुसरीकडे बघणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागणं, श्वास अचानक रोखणं, हे सगळं म्हणजे "बास". गुरगुरणं हे फार नंतरचं, आणि गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. मालक म्हणतो, "धरतो मी, तुम्ही करा", तेव्हा हात काढून घ्यायची हिंमत हवी. संमती मालक देतो हे खरं, कागदावर सही त्याचीच असते, पण टेबलावर जो आहे त्याचं म्हणणं दर मिनिटाला विचारत राहायचं. हे जमलं तर बाकीचं शिकता येतं.

मशिनचं एक सांगते. आजकाल लेझर आणि पाण्यातली ट्रेडमिल या दोन गोष्टी बघून लोक येतात. पाण्यातली ट्रेडमिल खरंच कमाल आहे, पाणी कुत्र्याच्या कमरेच्या सांध्यापर्यंत भरलं तर पायांवर वजनाचा जेमतेम ३८ टक्के भाग येतो, गुडघ्यापर्यंतच भरलं तर मात्र ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाण्याची उंची हाच डोस झाला, आणि डोस चुकला की औषधासारखाच त्रास होतो. हृदयाचा आजार, फिट्स, उघडी जखम, ओले टाके, ताप, जुलाब असेल तर पाण्यात उतरवायचंच नाही. लेझर डोळ्यावर पडता कामा नये, खोलीतल्या सगळ्यांना आणि कुत्र्यालाही गॉगल हवा, आणि गाठ असेल तिथे लेझर मारायचा नाही, निदान ती गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय तर नाहीच. बघा, परत तेच, तपासल्याशिवाय काहीच सुरू होत नाही.

प्रश्न (माण तालुक्यातून): मॅडम, आमच्या गावात एक जण बैलांना मालीश करतो, पाय बसवतो. वयस्कर माणूस आहे, पैसे पण जास्त मागत नाही. मागच्या पावसाळ्यात आमचा बैल अचानक लंगडायला लागला, खाली बसून राहिला, अंगात कणकण होती. त्यांनी तीन दिवस मालीश केली, चौथ्या दिवशी बैल उभा. आता त्याच बैलाचा खांदा आलाय तर ते म्हणतात डाग द्यावा लागंल. देऊ का? तुमचं सदर माझी मुलगी वाचून दाखवते.

उत्तर: दादा, डाग देऊ नका. हे आधी सांगते आणि मग बाकीचं.

तापलेल्या लोखंडाने भाजल्यावर आतली सूज जात नाही, वर भाजल्याची जखम मात्र होते, तिच्यात माशा बसतात, आसाडी (अळ्या) पडते, आणि वेदना एवढी की बैल आधीचं दुखणं विसरल्यासारखा वाटतो. त्याला लोक "गुण आला" म्हणतात. शिवाय जनावराला विनाकारण यातना देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायद्याच्या भीतीने थांबू नका, त्या मुक्या जीवाकडे बघून थांबा. खांदा येतो तो जुवामुळे. जू खडबडीत असेल, जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका असेल, बरेच दिवस रिकामा असलेला बैल एकदम जड कामाला लावला असेल, किंवा पावसात मान ओली असताना जुंपला असेल, तर कातडी घासून खालचा भाग सुजतो. तेव्हा पहिलं औषध म्हणजे जू उतरवणं, पूर्ण बरा होईपर्यंत. सूज नवीन असेल तर पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या, आणि डॉक्टरला दाखवा, कारण आत पू झाला असेल तर तो काढावा लागतो आणि जुनी होऊन गाठ कडक झाली असेल तर कधी कधी कापून काढावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला जमत नसेल तर १९६२ या टोल-फ्री नंबरला फोन करा, फिरत्या दवाखान्याची गाडी असते. जू तासून गुळगुळीत करून घ्या, आणि परत जुंपताना हलक्या कामापासून सुरुवात.

आता मागच्या पावसाळ्याचं. तुम्ही जे वर्णन केलंय, एकदम ताप, लंगडणं, बसून राहणं आणि तीन-चार दिवसांत आपोआप उभं राहणं, ते ऐकून मला तरी तो तिवाच वाटतो. तिवा माश्या-डासांमुळे पसरणारा विषाणूचा आजार आहे, बहुतेक जनावरं तीन दिवसांत स्वतःहूनच सुधारतात. म्हणजे मालीश केली नसती तरी बैल उठला असता. त्या म्हाताऱ्या माणसाने फसवलं असं मी अजिबात म्हणत नाही, त्याला स्वतःलाही मनापासून वाटत असणार की आपल्या हाताने गुण आला. पण इथेच धोका आहे, कारण हाच गुण त्याला दुसऱ्या जनावरावर वापरावासा वाटेल. समजा पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याचं दीड-दोन वर्षांचं चांगलं धष्टपुष्ट खोंड असंच अचानक लंगडलं, मांडीवर किंवा खांद्यावर सूज आहे, दाबलं की आत हवा भरल्यासारखं चरचर वाजतंय. तो फऱ्या नावाचा आजार आहे. त्यात एक-दोन दिवसांत जनावर मरतं, तिथे मालिशीत घालवलेला प्रत्येक तास म्हणजे पेनिसिलिन मिळायला झालेला उशीर. दोन्ही जनावरं पहिल्या दिवशी सारखीच लंगडतात. फरक करायला शिकलेला माणूस लागतो. (फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घेत जा, सरकारी दवाखान्यात मिळते.)

त्या आजोबांचा अपमान करू नका. माझ्या अनुभवाने अशा माणसांच्या हातात खरंच काहीतरी असतं, दुखरी जागा ते बोटांनी शोधतात, जनावर त्यांच्यापाशी शांत उभं राहतं, ही कला आमच्यातल्या कित्येकांना येत नाही. डॉक्टरने बघितल्यावर, मुका मार आहे किंवा स्नायू आखडलाय असं कळल्यावर, त्यांनी मालीश करायला माझी काहीच हरकत नाही. फक्त दोन गोष्टी त्यांनी करू नयेत, डाग आणि इंजेक्शन. इंजेक्शनचं मुद्दाम सांगते, कारण अशा माणसांच्या पिशवीत माणसांच्या मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवायचं औषध मी पाहिलंय. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ सालापासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात, आपल्या आकाशातली गिधाडं जी गेली ती मुख्यतः यामुळे. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे, पण तेही डॉक्टरनेच द्यायचं.

मुलीला सांगा, हे उत्तर त्या आजोबांनाही वाचून दाखव.

प्रश्न (पुण्याहून): मी कुत्र्यांच्या रिहॅब सेंटरमध्ये काम करतो. आमच्या एका पेशंटचा, आधी घसटत यायचा आणि आता चालतो, असा व्हिडिओ पेजवर टाकला, खूप चालला. आता मालकीणबाई म्हणतात काढा. आम्ही चेहरा पण दाखवला नाही त्यांचा, फक्त कुत्रा आहे. काढायलाच पाहिजे का?

उत्तर: हो, आजच काढा. पेशंटची माहिती ही मालकाने विश्वासाने दिलेली असते, आणि कुत्रा ओळखू येतो हो, सोसायटीत सगळे ओळखतात. पुढच्या वेळी आधी लेखी परवानगी घ्या, आणि "नाही" म्हणलं तर उपचारात काही फरक पडणार नाही हे तोंडाने सांगा, कारण लोकांना वाटतं की नाही म्हणलं तर डॉक्टर नाराज होतील.

आणि एक सांगू का, ऑपरेशन कुणी केलं, औषधं कुणाची चालू होती, किती महिने लागले, हे त्या व्हिडिओत लिहिलं होतं का? नसेल तर बघणाऱ्याला वाटतं की तुमच्या चार सेशननी कुत्रा चालला. ज्याचा कुत्रा चालणार नाहीये असा माणूस तो व्हिडिओ बघून कर्ज काढून तुमच्याकडे येतो. मला या जाहिरातींचा खरंच त्रास होतो, कारण मग त्या माणसाला खरं सांगायचं काम माझ्याकडे येतं.

प्रश्न (नवी मुंबईहून): एका सेंटरवाल्यांनी मला (मी व्हेट आहे) दर केसमागे काही टक्के देऊ केलेत. बाकीचे घेतात म्हणे. यात चूक काय, पेशंटला तर फायदाच होतोय?

उत्तर: डॉक्टर, घेऊ नका. ज्या दिवशी तुम्ही चिठ्ठी लिहाल आणि तुम्हालाच कळेनासं होईल की ही कुत्र्यासाठी लिहिली की टक्क्यांसाठी, त्या दिवसाची वाट कशाला बघायची. तो कट शेवटी मालकाच्या बिलातूनच निघतो. आपल्या परिषदेची १९९२ ची आचारसंहिता आहे, ती एकदा काढून वाचा, नोंदणी झाल्यावर आपल्यातल्या किती जणांनी ती उघडलीय कुणास ठाऊक.

प्रश्न (नागपूरहून): आमच्या फिजिओताईंना आमच्या कुत्रीने चावलं. तिने आधीही दोघांना चावलंय पण ते सांगितलं तर त्या येणार नाहीत म्हणून बोललो नाही. आता फार वाईट वाटतंय.

उत्तर: वाईट वाटतंय हे चांगलं आहे, आता त्यांना फोन करून खरं सांगा आणि कुत्रीचं रेबीजच्या लसीचं कार्ड पाठवा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली का विचारा, आणि डॉक्टरकडे गेल्या नसतील तर तुम्ही घेऊन जा. हे काम करणाऱ्या सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायला हवी, पण घेतली असली तरी चावल्यावर पुढचे डोस लागतातच. चावरी आहे हे आधी कळलं तर ती माणसं मुसकं घालून, दोन वेळा नुसती ओळख करून, मग हात लावतात. येणं बंद करत नाहीत. निदान माझ्या ओळखीतलं तरी कुणी करत नाही.

प्रश्न (नाशिकहून): आमची लॅब्रेडॉर साडेतेरा वर्षांची आहे, दोन्ही मागचे पाय अधू झालेत. वीस सेशनचं पॅकेज घेतलं, झालं, मग आणखी वीस. फिजिओ फार प्रेमळ आहेत, ती पण त्यांना ओळखते. पण चाळीस सेशननंतर ती चार महिन्यांपूर्वीपेक्षा कमीच चालते असं मला वाटतं. विचारलं की म्हणतात "थोडा वेळ द्या". आता तिसरं पॅकेज सांगतायत. मला कळत नाही की मी पैशांचा विचार करतोय म्हणून मला असं वाटतंय का.

उत्तर: दादा, तुम्हाला बरोबर वाटतंय. आणि पैशांचा विचार करणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कुठलाही फिजिओ सुरू करताना पहिल्या दिवशी मोजमाप झालं पाहिजे. मांडीचा घेर टेपने, सांधा किती अंशात वाकतो ते गोनिओमीटरने, किती पावलं टाकते, बसलेली स्वतः उठते का, जिना चढते का, आणि एक साधा मोबाइल व्हिडिओ, समोरून आणि बाजूने. मग तीन-चार आठवड्यांनी तेच परत. सुधारणा असेल तर पुढे, नसेल तर प्लॅन बदलायचा, आणि बदलूनही नसेल तर मालकाला समोर बसवून सांगायचं आणि व्हेटकडे परत पाठवायचं, कारण कदाचित दुखण्याचं औषध कमी पडतंय, कदाचित निदानच अपुरं आहे. लॅब्रेडॉरच्या मागच्या पायांचं दुखणं म्हणलं की सगळे कमरेचा सांधा धरून बसतात, पण या वयात मणक्याचे त्रास असतात, गाठी असतात, गुडघ्याची लिगामेंट गेलेली असते. वीसचं आगाऊ पॅकेज मला म्हणूनच आवडत नाही. पैसे आधीच घेतलेले असले की थांबणं दोघांनाही जड जातं.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये, माझ्याकडून हे झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड यायचा, दहा वर्षांचा. त्याला मज्जारज्जू हळूहळू झिजण्याचा आजार होता, मागून सुरू होऊन पुढे सरकत जाणारा, त्याच्यावर इलाज नाही, फिजिओने फार तर चालण्याचे काही महिने वाढतात. ते वाढलेही. पण त्यानंतर जेव्हा तो स्वतःच्या पायावर उभाच राहीना, तेव्हाही मी दोन महिने त्याला पाण्यात उतरवत राहिले, कारण ते काका दर शनिवारी इतक्या आशेने यायचे आणि माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. मी स्वतःला सांगायचे की पाण्यात त्याला बरं वाटतं. एकदा त्याला उचलताना त्याने माझ्याकडे बघून मान फिरवली आणि मला कळलं की याला आता हे नकोय, बहुतेक बरेच दिवस नको होतं. त्या संध्याकाळी मी काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, मी तुमच्या बोलण्याचीच वाट बघत होतो, मला वाटलं तुम्हाला अजून आशा आहे म्हणून मी आणत होतो." ते दोन महिने मी त्या दोघांकडून घेतले, हे मला अजून जाचतं.

म्हणून तुमच्या फिजिओताईंवर मला राग नाहीये, त्यांचंही बहुतेक असंच झालं असेल, जीव लागलाय. पण तुम्ही बोला. त्यांना विचारा, "ती तुमची स्वतःची असती तर तिसरं पॅकेज घेतलं असतंत का?" आणि तिच्या व्हेटला घरच्या नोंदी दाखवा. रोज रात्री वहीत लिहा, आज पोटभर खाल्लं का, स्वतः उठली का, तुम्ही घरी आल्यावर शेपटी हलवली का, रात्री कण्हत होती का, अंगाखाली ओलं झालं का. दोन आठवड्यांत वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त दिसायला लागले तर पुढचं बोलणं व्हेटशी करा, दयामरणाचंसुद्धा, तो शब्द उच्चारला म्हणजे लगेच काही करावं लागतं असं नाही. आणि फिजिओ पूर्ण बंदच करायला हवं असंही नाही. चालवण्याचा हट्ट सोडून आठवड्यातून एकदा घरीच हलकी मालीश, जाड गादी, दर काही तासांनी कूस बदलणं, फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून रबराची मॅट, एवढंही खूप झालं. ते तुम्ही स्वतः शिकू शकता, आणि चांगला फिजिओ तुम्हाला ते एका भेटीत शिकवून देतो, त्याचे एका भेटीचेच पैसे घेतो.

पहिल्या दिवशीचा एखादा व्हिडिओ तुमच्या मोबाइलमध्ये असेल तर शोधून ठेवा. ताई आल्या की चहा ठेवा, दोघं मिळून तो बघा आणि शेजारी तिला आजची चालताना बघा.